पडण्याचे निमित्त

२० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन. १९९६ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा दिवस आता जगभर पाळला जातो. आपल्याकडे तो सणासुदीच्या गर्दीत येतो. कधी दसऱ्याच्या आसपास, कधी कोजागिरीला लागून, कधी थेट दिवाळीच्या तोंडावर. मग दुधाच्या पेल्याचे चित्र, त्याखाली ‘हाडांची काळजी घ्या’ एवढी ओळ आणि विषय संपला. तारीख ठरवणाऱ्यांना सुरतच्या मराठी वस्त्यांची खबर असण्याचे काही कारण नव्हते. तरी इथल्यापुरती ती अगदी नेमकी पडली आहे. याच दिवसांत लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांतली घरे आवरायला निघतात. माळ्यावरचे हंडे-कळशा, गाद्या, कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी जपून ठेवलेली मोठी पातेली, सगळे खाली येते. ते काढायला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढते ती बहुधा घरातली सर्वांत वयस्कर बाई, कारण कोणते भांडे कोणत्या कोपऱ्यात आहे ते तिलाच ठाऊक असते.

ती पडली की घरात पहिले वाक्य ठरलेले असते, “कोणी सांगितलं होतं चढायला?” मनगटाला प्लास्टर होते, दीड महिना सून सगळे करते, प्लास्टर निघते. खुर्ची अडगळीत जाते आणि प्रकरण मिटते. कोणाच्याच डोक्यात येत नाही की उभ्या माणसाचा तोल जाऊन, तेवढ्याच उंचीवरून पडल्यावर धडधाकट हाड सहसा मोडत नाही. मोरीत पाय घसरला, उंबऱ्याला अडखळली, पलंगावरून उतरताना खाली बसली आणि हाड मोडले, तर ते हाड आधीपासूनच पोखरलेले असण्याची शक्यता मोठी. पडणे हे निमित्त झाले. आपण मात्र निमित्तावर उपचार करतो आणि कारण तसेच घरी घेऊन येतो.

या अग्रलेखाचे म्हणणे एवढेच आहे की पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने मोडलेले पहिले हाड हा अपघात मानू नये, ते आजाराचे निदान समजावे. कारण एकदा हाड मोडलेल्या माणसाचे दुसरे हाड मोडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो आणि ते दुसरे हाड पुष्कळदा खुब्याचे असते. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातला एक जण वर्ष पुरे करत नाही. जे वाचतात त्यांतल्या अनेकांना आधाराशिवाय चालता येत नाही. मनगट आणि खुबा यांच्या मध्ये पुष्कळदा दहा-पंधरा वर्षे असतात. काही करायचे असेल तर त्यासाठी तेवढा अवधी हाताशी असतो, आणि बहुतेक घरांत तो नुसताच निघून जातो.

हाड बाहेरून दगडासारखे वाटले तरी आत सतत मोडतोड आणि बांधकाम चालू असते. जुने हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे रचणाऱ्या वेगळ्या. तिशीपर्यंत रचणाऱ्यांची सरशी असते, मग काही वर्षे बरोबरी होते, नंतर खाणारे पुढे जातात. बाईच्या बाबतीत पाळी जाताच इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडाचा वीस टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय पश्चिमेपेक्षा कमी, सत्तेचाळिशीच्या आसपास. खुबा मोडण्याचे वयही आपल्याकडे तिकडच्यापेक्षा सुमारे दहा वर्षे अलीकडे आले आहे. जगात पन्नाशी ओलांडलेल्या दर तीन बायकांपैकी एकीला आणि दर पाच पुरुषांपैकी एकाला कधी ना कधी असा अस्थिभंग होतो. हाडांची घनता घटलेल्या किंवा हाडे थेट ठिसूळ झालेल्या भारतीयांची संख्या २०१३ मध्ये पाच कोटी धरली गेली होती.

हे सारे चालते मुकाट्याने. वाळवी लागलेल्या चौकटीला बाहेरून रंग शाबूत असावा तसे. हाड ठिसूळ होताना दुखत नाही. दुखते ते मोडल्यावर, आणि मणक्याच्या बाबतीत तर मोडल्यावरही कळेलच असे नाही. पाण्याची बादली उचलताना किंवा खोकताना पाठीत कळ येते. घरातले म्हणतात उसण भरली. बाम चोळला जातो, शेक दिला जातो, तीन-चार आठवड्यांत दुखणे ओसरते. प्रत्यक्षात एक मणका चेपलेला असतो. मणक्याचे बहुतेक अस्थिभंग असेच नोंदीशिवाय जातात. दोन-तीन मणके चेपले की पाठ वाकते, पोट पुढे येते, फळीवरचा डबा पूर्वी हाताला यायचा तो येईनासा होतो, आणि नातवंडे म्हणतात आजी बुटकी झाली. तरुणपणच्या उंचीत चार सेंटीमीटरहून जास्त घट झाली असेल तर पाठीचा एक्स-रे काढायलाच हवा. म्हातारपणी माणूस वाकतोच, असे म्हणून आपण ज्याकडे काणाडोळा करतो त्यातले बरेचसे वाकणे हे मोडलेल्या मणक्यांचे असते.

इथल्या, खानदेशातून आलेल्या कुटुंबांत या आजाराबद्दल एक पक्का समज आहे. हे दुखणे बसून खाणाऱ्यांचे, आमच्या बायांची हाडे कष्टाची. समजात तथ्य नाही असे नाही. हाडावर भार पडला की हाड घट्ट होते, हे जर्मन शल्यवैद्य युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले. उलटा पुरावा अंतराळात मिळाला. वजन नसलेल्या अवस्थेत अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते, म्हणून त्यांना तिथे रोज दोन तासांहून जास्त व्यायाम करावा लागतो. अख्ख्या गुजरातने ज्यांच्या परतण्याची वाट पाहिली त्या सुनीता विल्यम्स २८६ दिवस वर होत्या, त्यांनाही हे चुकले नाही. पण भार पेलायला हाडाला माल लागतो, आणि तो ताटातून येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या, तीस ते साठ वयाच्या २८९ बायकांची हाडे तपासली. २००५ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. या बायका कष्ट करणाऱ्याच होत्या. त्यांच्या पोटात दिवसाला जाणारे कॅल्शियम सरासरी २७० मिलिग्रॅमच्या आसपास होते. गरज एक हजाराची, पाळी गेल्यानंतर बाराशेची. त्यातल्या सुमारे २९ टक्के बायकांची मांडीच्या हाडाची मान ठिसूळ निघाली. कष्टाने हाडे घट्ट होतात हे खरे, पण उपाशी कष्टाने होत नाहीत.

सुरतचा हिशेब मांडून पाहा. सुमूल डेअरीची अर्ध्या लिटरची पिशवी सहा माणसांच्या घरात येते. त्यात एकूण कॅल्शियम सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास. सकाळच्या शिफ्टला जाणाऱ्याचा चहा, रात्रपाळी करून आलेल्याचा चहा, लहान्याचा पेला, आल्या-गेल्याचा चहा. त्या घरच्या आईच्या वाट्याला दिवसाकाठी दोन अर्धे कप चहा आणि त्यांतले पन्नास-साठ मिलिलिटर दूध, म्हणजे साठ-सत्तर मिलिग्रॅम. ताटात बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी. एका भाकरीत साठ ग्रॅम पीठ धरले तर बाजरीतून मिळणारे कॅल्शियम फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम. नागलीच्या तेवढ्याच पिठातून दोनशेच्या वर मिळते. नागली काही लांबची नाही. ती शेजारच्या डांगात पिकते आणि आहवा-वघईकडची माणसे ती इथे विकतात. डांग १९६० मध्ये गुजरातकडे गेला तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन्ही बाजूंनी जोरदार वाद झाला, पण डांगची नागली दोन्हीकडच्या मध्यमवर्गाने सारख्याच इमानाने ताटाबाहेर ठेवली. आता ती ‘सुपरफूड’ म्हणून मॉलमध्ये तिप्पट भावाने दिसते. सालासकट तिळाच्या दोन चमचे चटणीतूनही दोनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तिळातले सगळे अंगी लागत नाही, दुधातले जास्त लागते. तरी कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खायचा त्याऐवजी आठवड्यातले चार दिवस तिळाची चटणी, दोन दिवस शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि रोज वाटीभर दही किंवा ताक, एवढे जमले तर निम्मी तूट भरते. यात डाळ-कडधान्यही कमी पडू देता कामा नये, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो.

उन्हाचे गणित याहून विचित्र आहे. सुरत २१ अंश अक्षांशावर, बारा महिने सूर्य डोक्यावर, आणि तरी इथल्या बायकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास. कारण समजायला कोणत्याही दुपारी लिंबायतच्या गल्लीतून चालत जावे. रिंग रोडच्या कापड बाजारातून आलेले साड्यांचे गठ्ठे दारात पडलेले असतात. दहा बाय बाराच्या खोलीत ट्यूबलाइटखाली दोन-तीन बाया जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, मांडीवर साडी, एका हातात गोंदाची नळी, दुसऱ्या हाताच्या बोटावर टिकल्या. कोणी लेस लावते आहे, कोणी सुटलेले धागे कापते आहे. मजुरी नगावर, म्हणून मान वर होत नाही. स्वयंपाक आटोपून दहाला बसायचे, पाणी आले की उठायचे, पुन्हा बसायचे, ते दिवेलागणीपर्यंत. ऊन हाडांच्या कामी येते ते नेमके याच वेळात, सकाळी दहा ते दुपारी तीन.

इथे आपल्या आवडत्या कोवळ्या उन्हालाही धक्का द्यावा लागेल. सूर्य तिरपा असताना त्याचे जे किरण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात ते वातावरणातच अडतात. सकाळी सातचे ऊन प्रसन्न वाटते, फिरायला चांगले, पण हाडांना त्याचा उपयोग थोडा. साधी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे. खिडकीच्या काचेतून आलेले नाही. वैशाखात भर दुपारी गच्चीवर बसा असे कोणी शहाणा सांगणार नाही. पण दिवाळीपासून होळीपर्यंत अकराच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटे हात, पाय, चेहरा उघडा ठेवून उन्हात काढायला हरकत नाही. पूर्वी चैत्रात कुरडया-पापडांच्या निमित्ताने बायका चार-चार दुपारी गच्चीवर असत. कुरडया आता पाकिटात मिळतात. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, उन्हात चिक घोटणे काही सुखाचे काम नव्हते. फक्त त्याबरोबर ऊनही गेले हे लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट घरात उघड बोलली जात नाही. चाळिशीच्या आत काढलेली गर्भपिशवी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांचा प्रश्न पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तपासलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचे समोर आले. त्या वेळी चर्चा पाळीच्या दिवसांतली मजुरी आणि खासगी दवाखाने यांच्यावर झाली, ते योग्यच होते. हाडांचा विषय मात्र निघालाच नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर बाई पस्तिसाव्या वर्षी एका दिवसात पाळी गेलेल्या बाईइतकी उघडी पडते. अंडाशय ठेवले तरी पाळी काही वर्षे अलीकडे जाऊ शकते. पहिल्या प्रकारात तर पन्नाशीत तिच्या हाडांचे वय साठीच्या पुढचे. सुरत जिल्ह्यात बारडोली, मढी, चलथान, सायण इथल्या साखर कारखान्यांसाठी डांग, नंदुरबार, धुळ्याकडून कोयत्यांच्या जोड्या दर हंगामात येतात. त्या बायांची अशी मोजणी इथेही व्हायला हवी. आणि ज्या घरात आईची किंवा बहिणीची पिशवी लवकर काढली आहे, तिथे पन्नाशीची वाट न पाहता हाडे तपासून घ्यावीत.

तपासणी म्हटली की शिबिरे आठवतात. मंडळाच्या सभागृहात टेबल, त्यावर टाच ठेवण्याचे छोटे यंत्र, दोन मिनिटांत उणे दोनचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, आणि बाहेर पडताना हातात कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली. टाचेच्या यंत्राचा उपयोग फार तर संशय घेण्यापुरता. निदान व्हायचे ते खुबा आणि कंबरेच्या मणक्यांच्या डेक्सा तपासणीत, ज्यात किरण अगदी थोडे लागतात आणि सुई टोचत नाही. तरुण निरोगी हाडाशी तुलना करून जो टी-स्कोअर येतो तो उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. उणे एक ते उणे अडीचच्या मधल्या माणसाने लगेच घाबरून जायचे नसते आणि निर्धास्तही व्हायचे नसते. वय, वजन, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, तंबाखू-विडी, स्टेरॉइड, आधी मोडलेले हाड, हे सगळे धरून पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगणारे ‘फ्रॅक्स’ हे गणित शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये खुले केले. त्यात भारताचा वेगळा तक्ता आहे आणि डेक्साचा आकडा हाती नसला तरी ते चालते. फॅमिली डॉक्टरला फोनवर पाच मिनिटांत ते करता येते.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. गुडघेदुखीवर ‘गावठी’ म्हणून मिळणाऱ्या, दोन दिवसांत आराम पाडणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइडच मिसळलेले असते. दुखणे खरेच थांबते, म्हणून बाई वर्षभर घेत राहते. तोंड सुजते, साखर वाढते आणि हाड आतून झिजते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टरने लिहिलेले स्टेरॉइड मनाने बंद करू नये, तेही धोक्याचे. पण तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तर हाडांचे काय, हा प्रश्न विचारावा. मोबाइलवर फिरणारा गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्याचा उपाय सोडून द्यावा. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी दोन महिने दुधातून देतात. ती चांगली वाटते म्हणून दोन-दोन वर्षे घेणारे लोक आहेत. हे जीवनसत्त्व शरीरात साठते, आणि फार झाले की रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येते.

हाड एकदा ठिसूळ ठरले की नुसते कॅल्शियम पुरत नाही, हे आपल्याकडे रुजलेलेच नाही. हाड खाणाऱ्या पेशींना आवरणारी औषधे आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी जुनी आणि स्वस्त आहे, पण ती घेण्याची रीत कडक. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला चट्टे पडतात. पहाटे उठून गोळी तोंडात टाकून पुन्हा पांघरूण ओढणाऱ्या आजीला हे कोणी तरी समोर बसून सांगावे लागते. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड आहे, सहा महिन्यांनी द्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन आहे, फारच झिजलेल्या हाडासाठी रोज टोचायचे टेरिपॅराटाइड आहे. यातले कोणते, किती वर्षे, हे मूत्रपिंड आणि दात पाहून डॉक्टर ठरवतील. आपले काम इतकेच की प्लास्टर काढायच्या दिवशी ‘आता हाडाचं काय?’ असे विचारून मगच उठायचे.

पण हे विचारण्याचे ओझे नेहमी रुग्णाच्या मुलावरच का टाकायचे? तो बारा तासांच्या पाळीतून सुट्टी घेऊन आलेला असतो, त्याला प्लास्टर निघाले याचाच आनंद. ग्लासगोमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक साधी व्यवस्था सुरू झाली. पन्नाशीपुढचे कोणीही हाड मोडून रुग्णालयात आले की एक परिचारिका त्याचे नाव वहीत घेते, हाडांची तपासणी ठरवते, औषध सुरू झाले का ते पाहते आणि नंतर फोन करते. आता ही पद्धत अनेक देशांत आहे. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही रुग्णालये आहेत, मराठी वस्तीतला बहुतेक मोडका हात-पाय तिथेच येतो. १९९४ च्या प्लेगनंतर याच शहराने, आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात, गल्लोगल्ली तापाच्या रुग्णांची रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि देशाला धडा घालून दिला. ज्या पालिकेला तापाची वही ठेवता येते तिला मोडलेल्या हाडांची वही जड नाही. त्यासाठी नवी इमारत नको. एक परिचारिका, एक टेलिफोन, आणि ती मराठी-अहिराणी बोलणारी असली तर उत्तम.

सरकारी योजनांतही एक मेख आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पार केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे कवच मिळते. आधार कार्डावर पत्ता पारोळ्याचा असला तरी सुरतेत चालते. खुब्याचे ऑपरेशन त्यात बसते, आणि ते शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावे, हाडवैद्याकडे तेल लावण्यात आठवडा घालवू नये, यासाठी हे कार्ड आधीच काढून ठेवलेले बरे. पण योजना भरतीच्या उपचारांची आहे. डेक्सा, आठवड्याची गोळी, बाह्यरुग्ण विभागातली फेरी, यांचा खर्च खिशातून. हाड मोडल्यावर लाखांची सोय आणि मोडू नये म्हणून चार पैशांची नाही, हा हिशेब कोणत्याही कापड दलालाला पटणार नाही. तो आरोग्य खात्याला अजून पटतो आहे.

मुलींचा विचार याच चर्चेत हवा. प्रौढपणीच्या हाडाचा सुमारे चौथा हिस्सा वयात येतानाच्या दोन वर्षांत भरतो. लिंबायत-उधन्यातल्या पालिकेच्या मराठी शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुली आज ते हाड भरताहेत किंवा भरता भरता राहताहेत. त्यांची साठी आत्ताच ठरते आहे. मधल्या सुट्टीत धावण्याजोगे मैदान आणि ताटात दूध-दही हे त्यांच्यासाठी औषधापेक्षा स्वस्त. नऊ रात्री गरबा खेळताना त्यांच्या टाचा जमिनीवर आपटतात तेव्हा हाडांचेच भले होते. वोल्फसाहेबांना सुरतचे नवरात्र पाहायला मिळाले असते तर सिद्धांत लवकर सुचला असता. साठीतल्या बाईनेही बाजूला खुर्चीत बसण्यापेक्षा बाहेरच्या फेरीत सावकाश चालावे. तिला जे टाळायचे आहे ते कमरेत वाकून वजन उचलणे आणि झटक्याने पाठ पिळणे.

पुरुषांचे एका परिच्छेदात आटपतो, कारण त्यांचे कोणी ऐकतच नाही. लूमवर उभे आयुष्य काढलेला, मावा-विडीची सवय असलेला सत्तरीचा माणूस खुबा मोडून आला तर तो वर्षभरात जाण्याचा धोका बाईपेक्षा जास्त असतो. त्याची तपासणी मात्र बाईपेक्षाही कमी होते.

घरातल्या पडण्याच्या जागा सर्वांना माहीत आहेत. मोरीची गुळगुळीत फरशी, रात्री संडासला जाताना न लावलेला दिवा, झिजलेली रबरी चप्पल, रो-हाउसचा अरुंद लोखंडी जिना, मोतीबिंदू, आणि रक्तदाबाची गोळी घेऊन झटकन उठणे. मोरीत भिंतीला घट्ट बसवलेला एक दांडा आणि वरच्या खोलीतल्या सासूची खालच्या खोलीत सोय, एवढ्याने पुष्कळ काही टळते. खालची खोली भाड्याने दिलेली असते, ही खरी अडचण. भाड्याचे तीन-चार हजार आणि आईचा जिना यांत घरोघर भाडेच जिंकते.

सुरतच्या डॉक्टरांना खानदेशी घराची एक रीत ठाऊक असायला हवी. म्हातारी माणसे एका जागी राहत नाहीत. आखाजीला, लग्नसराईत आई भुसावळच्या गाडीने अंमळनेर, दोंडाईचा, शिरपूरकडे जाते, पेरणीपर्यंत थांबते, कानबाईला परत येते, कधी दिवाळीच करून येते. खुबा मोडलेली तर “गावाला हवापालट होईल” म्हणून मुद्दाम पाठवली जाते. तिची फाइल सुरतच्या कपाटात राहते. डेनोसुमॅबची सहा महिन्यांची तारीख अशी गावाला असताना चुकली आणि लांबली, तर दाबून ठेवलेली झीज उसळून येते आणि मणके एकामागून एक चेपू शकतात. हे औषध मध्येच सोडता येत नाही. अशा बाईला वर्षातून एकदा सुरतेतच देता येणारे औषध कदाचित जास्त सोयीचे पडेल. डॉक्टरने औषध लिहिण्याआधी विचारावे की सहा महिन्यांनी तुम्ही कुठे असाल. त्याने नाही विचारले तर मुलाने आपणहून सांगावे, आणि फाइलची एक झेरॉक्स आईच्या पिशवीत, गोळ्यांच्या डब्याखाली, ठेवून द्यावी.